बुधीबायची खुर्ची

मोखाडा तालुक्यातल्या त्या पाड्यावरच्या शाळेत मी नऊ वर्षं मास्तर होतो, आणि त्यातली आठ वर्षं मी बुधीबायला खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. कुणाला सांगितलं की वाटतं, मास्तर तिखटमीठ लावतोय. तसं काही नाही. शाळेत खुर्च्या तीन होत्या. एक माझी, एक माझ्या जोडीदार गुरुजींची आणि एक येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. ही तिसरी खुर्ची मी रोज सकाळी स्वयंपाकाच्या खोलीच्या दाराशी नेऊन ठेवायचो आणि म्हणायचो, "बाय, टेका जरा." ती मान हलवून हो म्हणायची आणि खुर्चीवर मिठाचा डबा ठेवायची.

बुधीबाय आमच्या मुलांची खिचडी शिजवायची. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. कोणत्या सालातला बुधवार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ठेंगणी, हाडापेराने मजबूत, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि हातात लांब दांड्याचा डाव. फारच दमली तर टाचांवर उकिडवी व्हायची, तेही कुठल्याही क्षणी उठता येईल अशा बेताने. जेवायची उभ्याने. शाळेपुढे कुठलीही गाडी थांबली, मग ती साहेबांची जीप असो की भंगारवाल्याचा टेम्पो, बाय आधी ताठ उभी. मी एकदा चिडून विचारलं, "अहो, बसलं तर काय झिजतं तुमचं?"

"गुरजी," ती म्हणाली, "बसलेला मानूस दिसला का लोकांना काम आठवतां."

मी घाटावरचा, संगमनेरकडचा. बोलणं मोठ्याने आणि राग नाकावर. बदलीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं की या पाड्यावर शिस्त लावायला मीच हवा होतो. शिस्त बुधीबायनेच लावलेली होती, हे कळायला मला सहा महिने लागले. प्रार्थनेच्या वेळी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओळी बघायची. एखादं मूल दिसलं नाही की डाव तसाच हातात घेऊन निघायची. मी हजेरी घेऊन वही मिटेपर्यंत ते पोर तिच्या पुढे पुढे चालत शाळेत येत असे. डावाने तिने कधी कुणाला मारलं नाही. पण तो हातात असायचा, एवढं पुरायचं. तालुक्याच्या बैठकीत आमच्या शाळेच्या उपस्थितीचं कौतुक व्हायचं आणि मी निर्लज्जपणे ते ऐकून घ्यायचो.

एकदा तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले. चांगला माणूस होता. खिचडी चाखली, छान म्हणाला आणि सवयीने विचारलं, "काय आजी, काही अडचण?" असं विचारलं की लोक नाही म्हणतात, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. बाय म्हणाली, "पानी. चला दावतंय." आणि निघाली. साहेबांना मागे जाणं भाग पडलं. विहीर खाली ओहोळाच्या अंगाला, उतरायला दहा मिनिटं आणि चढायला अर्धा तास. मार्च महिना. वर येताना साहेबांच्या खांद्यावर भरलेली कळशी होती आणि बायच्या डोक्यावर दोन हंडे. साहेब घामाने निथळत होते, बाय त्यांना डोंगराची नावं सांगत होती. पुढच्या उन्हाळ्याआधी शाळेला पाण्याची टाकी मिळाली. बायने साहेबांबद्दल एवढंच मत दिलं, "चांगला मानूस. दम लागला, पन कलशी खाली नाय ठेवली."

तिचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. नवरा कधीच गेलेला. मुलगा रामदास, सून कमळी, नात यमुना आणि दीड वर्षाचा नातू, ज्याला सगळे नुसता बारका म्हणत. डोंगरउताराची जराशी जमीन, त्यात भात आणि नागली. ते दिवाळीपर्यंत संपलं की आमच्याकडचे लोक कामाला खाली जातात. कुणी वीटभट्टीवर, कुणी रेतीवर, कुणी समुद्रकाठच्या चिकूच्या वाड्यांत. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि अर्धा पाडा त्यात चढतो. जाताना लोक आपला अख्खा संसार नेतात. तांदूळ, तवा, हंडा, सरपणाची मोळी, कोंबड्यासुद्धा. माझा निम्मा वर्गही त्याच गाडीत चढायचा. परत यायची मुलं होळीला, आणि शिकलेलं सगळं खाली कुठेतरी सांडून आलेली असायची.

रामदास आजवर यमुनेला आजीपाशी पाड्यावर ठेवून जायचा. पण बारका आता आईच्या पाठीशी बांधून राहत नव्हता, चालायला लागला होता. "कमली झाडाखाली राबल, तं बारक्याला कोन बघल, गुरजी?" असा त्याचा सवाल. "यमुना येल संगती." यमुना चौथीत होती, वर्गातली सर्वांत हुशार पोर. एकदा खाली गेलेली मुलगी दुसऱ्या वर्षी शाळेत राहत नाही, तिला आपली आपणच टोपली घ्यावी लागते, हे मी आठ वर्षं डोळ्यांनी बघत आलो होतो. मी रामदासशी तीनदा बोललो. एकदा समजावून, एकदा रागावून, आणि एकदा तर हात जोडून. तो भला माणूस. तिन्ही वेळा मान खाली घालून "व्हय गुरजी" म्हणाला, आणि मुकादमाला शब्द देऊन आला.

त्याच दिवसांत मी चौथीला जिल्ह्याचा नकाशा शिकवत होतो. "आपला पालघर जिल्हा समुद्राला लागून आहे," मी म्हणालो आणि निळ्या रंगावर छडी टेकवली. "समुद्र कुणी कुणी पाहिलाय?" अकरा मुलांपैकी सात हात वर झाले. मी खूश. "वा. कसा असतो सांगा बरं."

एक मुलगा म्हणाला, "खारा असतो." दुसरा म्हणाला, "त्याच्या बाजूला चिकू असतात. खालचे वेचायचे, झाडाचे नाय." तिसरी एक मुलगी जरा वेळ विचार करून म्हणाली, "मी बघला नाय गुरजी. मी झोपडीत भावाला सांभालत व्हती. नुसता आवाज येयाचा."

मी छडी टेबलावर ठेवली. दारात बुधीबाय उभी होती. किती वेळ, कोण जाणे. त्या दिवशी खिचडी तळाला लागली. माझ्या नोकरीत पहिल्यांदा.

शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "गुरजी, बोर्डीला पाव्हन्यांना राह्यला खोली भेटतां का?"

मला वाटलं, कुणी नातेवाईक आजारी वगैरे असेल. पण ते तसं नव्हतं. टेबलाच्या कडेला डाव टेकवून तिने सगळं उभ्या उभ्या सांगितलं. आठ वर्षांची असताना ती आईबरोबर पहिल्यांदा समुद्रकाठच्या बोर्डीतल्या एका चिकूच्या वाडीत कामाला गेली होती. गाडीतून उतरली आणि झाडांमधून समोर समुद्र दिसला. "मी तशीच उभी राह्यली. येवढा पानी. मंग मुकादम बोलला का, पोरी, बघाया आलीस का कामाला आलीस? तवा मी खाली बघला आन टोपली घेतली." पुढे लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर ती त्याच वाडीत जात राहिली. किती वर्षं, तर "तीस तरी." वाडीच्या मागच्या कुंपणापलीकडे समुद्र. रोज त्याचा आवाज. "पन बघायचा म्हनून मी कवा गेली नाय. आपला काय काम तथं, असां वाटायचां."

"मग आता?"

"आता यमुना जाल. मुकादमाच्या गाडीतून उतरंल, तिला पन कोनी तसां बोलंल आन ती पन खाली बघंल. ते मी होऊ देनार नाय. गाडी येयच्या आधी आमी सगली जानार. दोन दिस. खोलीत राह्यनार, खुर्चीवर बसनार, दर्या बघनार. पाव्हनी म्हनून. पयल्यांदा पोर पाव्हनी म्हनून दर्या बघंल. मंग तिला कामाला कोन नेतां, ते मी बघतंय."

तिचा आवाज चढला नव्हता. खिचडीत मीठ किती घालायचं हे सांगावं तसं तिने सांगितलं. मी म्हणालो, "रामदास तयार होईल?" ती म्हणाली, "तो माझ्या पोटचा हाय, मी त्याच्या नाय."

खोली ठरवायचं काम माझ्याकडे आलं. बोर्डीत बऱ्याच घरांमधून पाहुण्यांना राहायला खोल्या देतात. मोबाइलवर एक नंबर मिळाला, मी फोन लावला. पलीकडून एक काकू बोलल्या, आवाजाने मायाळू. किती माणसं, कुठून, कोण, असं त्यांनी विचारलं. आता इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "आमच्या शाळेतल्या एक बाई आहेत, त्यांचं कुटुंब." शाळेतली बाई म्हटल्यावर ऐकणाऱ्याला शिक्षिका वाटणार, हे मला पक्कं माहीत होतं. वाटावं म्हणूनच तसं म्हणालो. खोली मिळेल की नाही, या भीतीने.

बुधीबाय शेजारीच उभी होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुमी माझा काम का लपिवला?"

"लपवलं कुठे? शाळेतल्याच आहात ना."

"मी खिचडी शिजवतंय. तसां बोला. पयल्याच पावलाला खोटी पाव्हनी व्हऊन कशाला जाऊ?"

मी पुन्हा फोन लावला. माझ्या आयुष्यात इतका अवघड फोन मी दुसरा केलेला नाही. काकू ऐकून म्हणाल्या, "अहो मग बरंच झालं, मला खिचडी कधी नीट जमत नाही, विचारेन त्यांना." मी घाम पुसला. बायने फक्त मान हलवली.

भात कापून झालं होतं, शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. शनिवारी पहाटे आम्ही निघालो. मी का गेलो, तर बायचा हुकूम, "तुमी चला, सवालजबाब करायला." माझं बिऱ्हाड जव्हारला. बायको म्हणाली, "जा, पण मध्ये मध्ये करू नका." ते मला थोडंफारच जमलं.

मोखाड्याहून जीपने मंडळी जव्हारच्या स्टँडवर उतरली, आणि मी कपाळाला हात लावला. रामदासच्या खांद्यावर सरपणाची मोळी. कमळीच्या डोक्यावर हंडा, हंड्यात तांदूळ, वर तवा. बायच्या हातात नागलीच्या पिठाचं गाठोडं. यमुनेच्या काखेत बारका आणि दुसऱ्या हातात पाय बांधलेली कोंबडी. दोन दिवस समुद्रावर मजा करायला निघालेलं हे कुटुंब. डहाणूच्या गाडीचा कंडक्टर दारात हात आडवा घालून म्हणाला, "कामाला चाललात तर तुमची गाडी असते ना?"

"कामाला नाय," बाय म्हणाली. "बसायला चाललोय."

"मग लाकडं कशाला?"

 तिने मोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खाली जायचं म्हणजे संसार घेऊन जायचं, याच्यापलीकडे या लोकांना खाली जाणं माहीतच नव्हतं. पाहुणा लाकडं घेऊन जात नाही हे कुणी सांगणार तरी कधी? मी पुढे झालो आणि घाटावरच्या आवाजात कंडक्टरशी थोडा वाद घातला. मोळी टपावर गेली, कोंबडी यमुनेच्या मांडीवर.

बोर्डीला पोचलो तर दुपार झालेली. सामान काकूंच्या ओट्यावर टाकून सगळे तडक किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर समुद्र नव्हता. ओहोटी होती. तिथला किनारा इतका सपाट की पाणी पार लांब जातं, नुसता ओला चिखलवाळूचा पट्टा दिसतो. रामदास म्हणाला, "आये, दर्या कुठं गेला?" यमुनेचं तोंड उतरलं. मला अपराध्यासारखं झालं. भरतीची वेळ बघायला हवी होती, शिकलेला माणूस मी एकटाच होतो.

"येल," बाय म्हणाली. "तीस वरसां त्याचा आवाज आयकलाय. त्याची वेल हाय, तवा येल." आणि तिथेच उभी राहिली. आम्ही भेळ खाल्ली, बारका वाळू खाऊन झाला, घोडेवाला दोनदा विचारून गेला. ती उभी. चारनंतर कधीतरी पाण्याची रेघ पुढे सरकायला लागली, आणि सूर्य कलताना पाणी सरळ तिच्या पायांपर्यंत आलं. यमुनेचा हात तिच्या हातात होता. पोर बघत होती, आणि आजी समुद्राकडे न बघता पोरीकडे बघत होती.

मग तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. मूठभर नागली होती. आमच्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जात नाहीत. तिने ती पाण्यात सोडली आणि अगदी शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "आमच्या डोंगराचा सगला पानी तुझ्याकडं येतां. उन्हाल्यात थोडा परत धाडत जा." यमुना खळखळून हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

संध्याकाळी मोळीचाही निकाल लागला. काकूंच्या परसात जुनी चूल होती, कित्येक वर्षांत न पेटवलेली. बायने मोळी काकूंना भेट देऊन टाकली. त्या चुलीवर कमळीने नागलीच्या भाकऱ्या थापल्या, काकूंनी सुक्या बोंबलांचं कालवण केलं, आणि मीसुद्धा चार भाकऱ्या खाल्ल्या. कोंबडी वाचली. ती काकूंकडेच राहिली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाहेर आलो तर सगळं अंगण लख्ख झाडलेलं. सुरूच्या काड्यांचा ढीग एका कोपऱ्यात. रामदास आडावर काकूंचं पिंप भरत होता, कमळी त्यांची भांडी घासत होती, आणि यमुना आईच्या शेजारी उकिडवी बसून विसळत होती. काकू दारात गोंधळून उभ्या होत्या. "अहो, मी नको नको म्हणत्येय," त्या मला म्हणाल्या, "ऐकतच नाहीत."

बुधीबाय ओट्यावर आली. तिने हे पाहिलं, आणि तिला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "रामा, बालदी ठेव."

"आये, रिकामा राहून अंग दुखतां."

"दुखू दे. एक दिस दुखू दे. पोर बघते हाय." मग यमुनेच्या हातातलं भांडं तिने स्वतः काढून घेतलं, आणि आपल्या पदराने पोरीचे हात पुसले. कमळी उठली.  मला तिथे असल्याचीच लाज वाटली, कारण आदल्या रात्री माझं ताट कमळीने उचललं होतं आणि मी उचलू दिलं होतं.

आम्ही किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी अजून जवळ होतं. सुरूच्या सावलीत एका भेळवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. बायने पाच खुर्च्या एका ओळीत लावायला लावल्या. रामदास एका खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला. कमळी बारक्याला घेऊन बसली, अंग चोरून. यमुना मागे रेलून पाय हलवायला लागली. मी बसलो. शेवटी बुधीबायने खुर्ची हाताने दाबून पाहिली, पदर सावरला, आणि ती बसली. नीट, पाठ टेकून. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. डाव नसल्यामुळे त्या हातांचं काय करावं हे तिला आधी कळत नव्हतं. मग ते स्थिरावले.

पंधरा मिनिटं झाली असतील. किनाऱ्याने एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत फिरायला आल्या. पांढरे कापडी बूट, डोक्यावर टोपी. आमच्यासमोरून पुढे गेल्या, थांबल्या, मागे वळल्या.

"बुधी? तू बुधीच ना ग?"

ज्या वाडीत बायची तीस वर्षं गेली, त्या वाडीच्या त्या मालकीण. सगळे त्यांना शेठाणी म्हणायचे. त्यांचा आवाज ऐकताच रामदास ताडकन उभा राहिला. कमळी उभी राहिली. दोघांचे पाय चपलांतून आपोआप बाहेर आले. आणि मोठ्यांचं बघून यमुनाही उठली.

"बरं झालं दिसलीस," शेठाणी म्हणाल्या. बाई काही वाईट नव्हत्या, खरोखर आनंदल्या होत्या. "अग, माणसंच मिळत नाहीत बघ. हा रामा ना? दरसाल येतोच की. उद्यापासूनच या सगळे." त्यांची नजर यमुनेवर गेली. "ही नात का? चपळ दिसते. खालचे वेचायला चांगली."

रामदासचं तोंड उघडलं होतं. "येतो शेठानी" हे शब्द त्याच्या ओठांवर मला दिसत होते.  मी बुधीबायकडे पाहिलं. गाडीचा आवाज आला तरी उभी राहणारी बुधीबाय. तिचे हात खुर्चीच्या हातांवर दाबले गेले, पाठ जराशी सुटली. आठ वर्षांच्या पोरीपासूनची सगळी सवय तिला वर ओढत होती, हे स्पष्ट दिसत होतं.

ती उठली नाही.

"यमुने," ती म्हणाली, "बस." पोर बसली. मग शेठाणींकडे बघून, अगदी आदबीने, "शेठानी, रामा आन कमली येतील. दिवाली झाली का गाडीतून येतील, शब्द दिलाय. ही नाय येनार. ही शालेत जाते. आज आमी पाव्हनं हाय." आणि रामदासची रिकामी खुर्ची हाताने पुढे सरकवली. "बसा."

शेठाणी जराशा घुटमळल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, यमुनेकडे पाहिलं. मग काठी टेकत बसल्या. दोघी समोरच्या पाण्याकडे बघत होत्या. रामदास आणि कमळी मागे उभेच.

"तुला बसलेली मी पहिल्यांदाच बघत्येय, बुधी," शेठाणी म्हणाल्या.

"मी पन," बुधीबाय म्हणाली.

परतीच्या गाडीने विक्रमगड मागे टाकलं. रामदास म्हणाला, "आये, शेठानीला असां बोलतात का?" बाय म्हणाली, "बसा बोलली. शिवी नाय दिली." थोड्या वेळाने रामदासने विचारलं, "आन बारका?" "बारका माझ्यापाशी," ती म्हणाली. गाडी घाट चढत होती. यमुना खिडकीशी डोकं टेकून झोपली होती, तिच्या फ्रॉकच्या खिशात मूठभर वाळू होती.

दिवाळी झाली, मुकादमाची गाडी आली. रामदास आणि कमळी तीत चढले. कमळी रडत होती, ते मी विसरलेलो नाही. आईपासून दीड वर्षाचं पोर तुटणं ही काही लहान गोष्ट नव्हती, आणि त्याची किंमत कमळीने मोजली, बुधीबायनेही मोजली. शाळेच्या व्हरांड्यात झोळी बांधली गेली. खिचडी ढवळायची, झोळीला झोका द्यायचा, पोर गैरहजर दिसलं की एका हातात डाव आणि दुसऱ्या कडेवर बारका घेऊन निघायचं. ती दिवसभर दमून जायची. मी खुर्ची ठेवत राहिलो आणि मिठाचा डबा खुर्चीवर बसत राहिला. मला वाटलं, समुद्राकाठी जे झालं ते तेवढ्यापुरतंच.

त्या वर्षाच्या अखेरीस माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी मुलांनी गाणी म्हटली, जोडीदार गुरुजींनी भाषण केलं. बाय त्यात नव्हती, ती चुलीपाशी होती. मी आत जाऊन भेटलो तेव्हा म्हणाली, "जा गुरजी, तुमची गाडी खोलंबली," आणि पुन्हा ढवळायला लागली. मला जरा लागलंच ते. नऊ वर्षं, आणि एवढंच?

सामान जीपमध्ये चढलं. जीप सुरू झाली. मुलं धावत आली, मी हात हलवत होतो, आणि मुलांच्या डोक्यांवरून मला स्वयंपाकघराचं दार दिसलं. मिठाचा डबा खाली जमिनीवर होता. खुर्चीवर बुधीबाय बसली होती, पाठ टेकून, मांडीवर बारका. शेजारी यमुना पुस्तक धरून तिला काहीतरी वाचून दाखवत होती. शाळेपुढे गाडी होती, इंजिन घुरघुरत होतं, सगळा पाडा उभा होता. बायने माझ्याकडे पाहिलं, डाव उंच केला, हलवला. मग यमुनेला काहीतरी म्हणाली, बहुधा पुढे वाच असं. गाडी वळणावर गेली तरी ती उठली नाही.